संगणक गेला, आता फोनवरच भागवायचं की नवा घ्यायचा?

कोपऱ्यातलं टेबल (धागाकर्ता)
६ जुलै, रात्री १०:१२

मंडळी, घरातला डेस्कटॉप जाऊन आज पाच आठवडे झाले. २०१२ च्या दिवाळीत घेतला होता, तेव्हा त्याने काही कमी सेवा केली असं म्हणता येणार नाही. एका सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, तीनदा टीक-टीक झालं आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, काका, मदतबोर्ड गेलाय, या मॉडेलचा आता मिळायचा नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही नेटवर वाचता आणि चार ओळी लिहिता, तेवढ्याला फोन पुरतो, कशाला पैसे घालता? सौ. म्हणते, ते टेबल हललं तर तिथे शिलाई मशीन बसेल. एकूण घरातलं बहुमत माझ्या विरुद्ध आहे.

म्हणून पाच आठवडे प्रामाणिकपणे फक्त फोन वापरला. वाचायला तो झकास आहे, यात वाद नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की मजकूर दळणासारखा वरून खाली येत राहतो. मान मोडून टेबलाशी बसायला नको. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, गॅस, सगळं फोनवर जास्त पटकन होतं, कारण ओटीपी तिथेच येतो. पूर्वी मी ओटीपी मोठ्याने पुटपुटत आतल्या खोलीतून टेबलापर्यंत यायचो.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मी सोसायटीचा खजिनदार आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन ठेकेदारांची दरपत्रकं आली, शिवाय त्यांनी सांगितलेल्या मालाची माहिती कंपन्यांच्या पानांवर. डेस्कटॉपवर दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावायच्या आणि नजर फिरवायची. फोनवर पहिल्या पानावरचा आकडा डोक्यात धरायचा, दुसऱ्या पानावर जायचं, आणि तिथे पोचेपर्यंत तो सांडलेला असतो. शेवटी गिरणीच्या पावतीमागे आकडे लिहून काढले. हातात अख्खं इंटरनेट, आणि तुलना दळणाच्या चिठ्ठीवर! फोनचा पडदा दुभागायची सोयही करून पाहिली. कीबोर्ड वर आला की प्रत्येक पानाची दोन बोटं रुंदीची फीत उरते.

हे सगळं लिहितोय तेही फोनवरच, तिसऱ्या बैठकीत. पहिल्या दोन बैठकींचं लिखाण गेलं. मधे एकाचा फोन आला, बोलून परत येतो तर पान पहिल्यापासून उघडलं आणि खोका कोरा.

तर तुमच्याकडे काय चाललंय? घरात संगणक अजून आहे का? की मीच सवयीचा गुलाम?

---

खटपट्या
६ जुलै, रात्री १०:३१

रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्या. बँका, आयटी कंपन्या चार वर्षांनी विकून टाकतात ते. एसएसडी (जलद चालणारी नवी डिस्क) असलेलाच घ्या, बॅटरी तपासून. विषय संपला.

---

अंगठेबहाद्दर
६ जुलै, रात्री ११:०५

काका, राग मानू नका, पण हा प्रश्नच शहरातला आहे.

मी अंबड तालुक्यातला. आमच्या घरात संगणक कधी आलाच नाही, त्यामुळे जायचाही प्रश्न नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, तेव्हा मी अकरावीला होतो. सिमसाठी पहाटे रांग लावली होती. त्याआधी इंटरनेट म्हणजे कॉलेजच्या लॅबमधलं एक धुळकट यंत्र, ज्याला हात लावायला सरांची परवानगी लागायची. बीएस्सीच्या नोट्स, एमपीएससीचे फॉर्म, बाजारभाव, हवामान, आधार-पॅनची सगळी भानगड, हे मी एका अंगठ्यावर केलंय. नाव उगाच नाही घेतलं हे.

आणि एक सांगा, ई-पीक पाहणी डेस्कटॉपवर कशी करणार? १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची, तीही शेतात उभं राहून, जीपीएस चालू करून, पिकाचा फोटो काढून. सीपीयू डोक्यावर घेऊन बांधावर जायचं का? आमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर कापूस लागला तो फोनमुळे. पूर्वी तलाठ्याच्या मागे फिरावं लागायचं.

तुम्ही फोनला 'छोटा संगणक' समजता, म्हणून तो तुम्हाला अपुरा वाटतो. आम्ही त्याला फोनच समजतो.

---

कंसातला कारकून
७ जुलै, सकाळी ८:२०

अंगठेबहाद्दर, शेवटचं वाक्य आवडलं, आणि आमच्या धंद्याला ते कळायला बरीच वर्षं लागली. मी वेबसाइट बनवतो. थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

२००७ मध्ये पहिला आयफोन आला, त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद. जगातल्या साइट मात्र हजार पिक्सेलच्या आसपास रुंदीच्या मॉनिटरसाठी बनलेल्या. मग त्यातल्या सफारीने एक सोंग घेतलं. साइटला सांगायचं की मी ९८० पिक्सेल रुंद आहे, पान त्या मापात मांडून घ्यायचं आणि मग आक्रसून इवल्या पडद्यावर दाखवायचं. म्हणून सुरुवातीच्या स्मार्टफोनवर सगळं मुंगीएवढं दिसायचं आणि आपण दोनदा टिचकी मारून, चिमटीने ताणून वाचायचो. त्या दोनदा टिचकीपायी आणखी एक गंमत होती: एकदा बोट टेकलं की दुसरी टिचकी येते का, याची वाट बघत ब्राउझर ३०० मिलिसेकंद गप्प बसायचा. फोनवरचं वेब जड का वाटायचं, त्याचं हे एक कारण.

सोंग थांबवायचा उपायही ॲपलनेच दिला होता. पानाच्या डोक्यावर व्ह्यूपोर्टची (म्हणजे पान मांडायच्या चौकटीची) एक ओळ टाकायची, म्हणजे ब्राउझर खरी रुंदी कबूल करतो. मग मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' नावाचा लेख लिहिला आणि दिशा ठरली: एकच पान, पडदा जसा असेल तसं स्वतःला दुमडणारं. त्याआधी बहुतेक मोठ्या साइटची मोबाइलसाठी वेगळी, अर्धपोटी आवृत्ती असायची.

ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटर या वेबवरची वर्दळ मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत जगभरात मोबाइल आणि टॅब्लेट मिळून ५१.३ टक्के झाले, डेस्कटॉप ४८.७. त्याच सुमारास गुगलने जाहीर केलं की यापुढे शोधासाठी साइटचं मोबाइल रूप आधी वाचलं जाईल. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात डिझाइन आधी फोनचं होतं, मॉनिटरचं नंतर उरकतात. उलटा परिणाम तुम्ही पाहिला असेलच: हल्ली मोठ्या मॉनिटरवर काही साइट उघडल्या की पाऊणशे टक्के पांढरी जागा, मध्ये चार शब्द आणि मोठ्ठं बटण. ते फोनचंच पान आहे, ताणलेलं.

काका, तुमचं लिखाण का गेलं ते सांगतो. फोनची मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेली ॲप मारून टाकतो. तुम्ही फोनवर बोलत होतात तेव्हा ब्राउझर मागे पडला आणि बळी गेला. परत आलात तेव्हा त्याने पान नव्याने मागवलं. डेस्कटॉप इतका निर्दय नसतो, तो आधी नुसता रेंगाळतो. तेव्हा लांबलचक काही लिहायचं असेल तर नोट्समध्ये लिहा आणि इथे चिकटवा.

---

कोपऱ्यातलं टेबल
७ जुलै, सकाळी ९:४४

कारकूनसाहेब, कंटाळा कसला! पण मग तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट' अशी खूण असते, ती केली की डेस्कटॉपचंच पान यायला हवं ना? काल रात्री करून पाहिली. पान आलं, पण अक्षरं इतकी बारीक की पोथी वाचायचं भिंग काढलं.

---

कंसातला कारकून
७ जुलै, सकाळी १०:०२

ती खूण दोन गोष्टी करते. एक, ब्राउझर साइटला खोटं नाव सांगतो की मी फोन नाही, संगणक आहे. दोन, २००७ चं तेच ९८० पिक्सेलचं सोंग परत घेतो. म्हणजे तुम्ही थेट २००७ मध्ये गेलात! एखादा तक्ता किंवा बटण फोनच्या रूपात गायब असेल तर तेवढ्यापुरतं वापरायचं, आणि आडवा धरायचा फोन.

एक गोष्ट मात्र त्या खुणेनेही मिळत नाही. माउस नुसता वर नेला की मेनू उघडतो, दुव्यावर टेकवला की खाली पत्ता दिसतो. बोटाला हे 'नुसतं वर असणं' माहीतच नाही. बोट एकतर टेकलंय नाहीतर नाही. किती साइटचे मेनू या एका फरकाने फोनवर मेले होते, विचारू नका.

---

चहाबिस्कीट
७ जुलै, दुपारी १:३८

मी फक्त एक रात्र सांगते, मागच्या वर्षीची. लेकीचा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म. ज्यांनी भरलाय त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. कॉलेजं आणि शाखा पसंतीक्रमाने लावायच्या, प्रत्येकाचा चॉइस कोड, आणि तो क्रम लावायला मागच्या वर्षीच्या कटऑफची भलीमोठी पीडीएफ. आमची ६२ ऑप्शन होती. घरात तीन स्मार्टफोन, म्हटलं आपल्याला काय कमी आहे.

तर मांडणी अशी: लेकीच्या फोनवर फॉर्म, माझ्या फोनवर पीडीएफ, यांच्या फोनवर कॉलेजची फी. डायनिंग टेबलवर तीन फोन आणि आम्ही तिघं, रमी खेळतोय असं वाटावं. ती विचारणार, "आई, त्या कॉलेजचं कॉम्प्युटर, होम युनिव्हर्सिटी, मुलींचं किती?" मी पीडीएफमध्ये चिमटीने मोठं करणार, मोठं केलं की डावीकडचं कॉलेजचं नाव पडद्याबाहेर, नाव आणलं की आकडा बाहेर. ४१ व्या ऑप्शनला तिच्या फोनवर काहीतरी झालं आणि पान परत पहिल्यापासून. सेव्ह केलं होतं २५ पर्यंत. रात्रीचे साडेनऊ. ती रडायला लागली.

रिक्षा करून स्टेशनजवळच्या कॅफेत गेलो. तासाला चाळीस रुपये. एकाच मॉनिटरवर डावीकडे पीडीएफ, उजवीकडे फॉर्म. कंट्रोल-एफ दाबायचं, कॉलेजचा कोड टाकायचा. पन्नास मिनिटांत सगळं झालं, वर क्रम दोनदा तपासून. कॅफेवाला म्हणाला, "काकू, या आठवड्यात फक्त ऑप्शन फॉर्मवालेच येतात. एरवी झेरॉक्सवर पोट चालतं."

त्या फॉर्मला नावं ठेवत नाही मी. फोनची ती जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी यांनी ऑफिसातून जुना मॉनिटर मागून आणला.

---

अंगठेबहाद्दर
७ जुलै, दुपारी २:१५

ताई, हे मात्र खरं. आमच्याकडे पण असला फॉर्म भरायला सगळे महा ई-सेवा केंद्रावरच जातात. पण त्यात एक मेख आहे. तिथे बसलेला पोरगा भरतो, आपण बाजूला उभं राहून बघतो. फोनवर निदान आपला आपण भरतो.

---

खिळेजुळारी
७ जुलै, सायंकाळी ५:५०

लिहिण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. मी चाळीस वर्षे अक्षरांत काढली, आधी छापखान्यातले खिळे, मग डीटीपी म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर दहा बोटांनी लिहितो, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने, डोळे पडद्यावर. फोनवर हेच काम एका अंगठ्यावर येते. शिवाय फोन मध्येच सुचवतो. मी 'पाणिग्रहण' लिहू लागलो की तो 'पाणी' देतो. वाक्य आपले राहात नाही.

मुलांना मात्र रोमनमधून लिहिणेच सोपे वाटते. 'mi' अशी दोन अक्षरे दाबतात आणि 'मी' उमटते. आयआयटी मुंबईने स्वरचक्र काढले होते, व्यंजन दाबले की भोवती बाराखडीचे चक्र उघडायचे. ते मला पटले होते, कारण त्यात मराठी मराठीसारखी होती.

(वर मी रोमन अक्षरे लिहिली, क्षमस्व.)

---

संपादक मंडळ
७ जुलै, सायंकाळी ६:१०

वरील प्रतिसादातली रोमन अक्षरे 'एम' आणि 'आय' अशी वाचावीत. या विभागात देवनागरीच वापरायची आहे, तेव्हा पुढच्या वेळी सांभाळा.

---

जीपीआरएसचा पीर
७ जुलै, रात्री ९:२७

डेस्कटॉपवर मराठी फार सुखात होती असं कोणाला वाटत असेल तर आठवण करून देतो. २००० च्या आसपास प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. आधी फाँट उतरवून घ्या, मग बातमी. नाही घेतला तर 'महाराष्ट्र' च्या जागी चिन्हांची खिचडी. एका फाँटमधलं दुसरीकडे चिकटवलं की पुन्हा खिचडी. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, रुळला तेव्हा कुठे सुटलो.

आणि फोनवरचं मराठी कसं सुरू झालं? माझ्याकडे बटणांचा फोन होता, त्यात मराठी म्हणजे नुसते चौकोन. मग ऑपेरा मिनी हा ब्राउझर मिळाला. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथे पिळून सुकवून फोनवर यायचं, त्यामुळे जीपीआरएसच्या, म्हणजे तेव्हाच्या फोनवरच्या इंटरनेटच्या, मुंगीच्या वेगातही चालायचं. त्यात एका मित्राने कानमंत्र दिला: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' टाइप कर, सगळ्यात खाली जा, अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरा असं विचारतो, तिथे 'यस' कर. केलं, आणि चौकोनांच्या जागी मराठी उगवली! ती अक्षरं नव्हती, अक्षरांची चित्रं होती. सर्व्हर प्रत्येक शब्दाचं चित्र काढून पाठवायचा. डेटा जास्त खायचा, पान हळू यायचं, पण एसटीच्या मागच्या सीटवर बसून मी मराठी लेख वाचला तो तेव्हा पहिल्यांदा. पुढे अख्ख्या हॉस्टेलच्या फोनांवर मी ते 'यस' करून दिलं. दर फोनमागे एक वडापाव.

तेव्हा फोन अपुरा म्हणणाऱ्यांनी जरा दमानं.

---

सांगली ते न्यू जर्सी
८ जुलै, सकाळी ६:०३

दर्शन घ्या पीरबाबांचं.

माझी अडचण वेगळी. मी इकडे, आई-बाबा सांगलीत. बाबांचा डेस्कटॉप होता तोवर फोनवरून मदत करणं जमायचं: "डाव्या कोपऱ्यात खाली बघा, वर उजवीकडे फुली आहे." विंडोजच्या सगळ्या संगणकांवर फुली तिथेच. आता फोन आहे आणि माझा संवाद असा चालतो:

"आई, वर तीन रेघा दिसतात का?"
"नाही गं, तीन टिंबं आहेत."
"ती नकोत. रेघा."
"रेघा नाहीत. एक घर आहे."
"जरा खाली सरकव, मग वर."
"आता टिंबं पण गेली."

फोनवर जागा नसते म्हणून सगळं लपवलेलं असतं. कशावर बोट ठेवलं की काय बाहेर येईल हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याच्यासाठीच ते सोपं. डेस्कटॉपवर आईला मेनू दिसायचा, ती वाचून निवडायची.

---

कंसातला कारकून
८ जुलै, सकाळी ९:१५

त्या तीन रेघांना आमच्यात हॅम्बर्गर म्हणतात. मी एकदा ग्राहकाला म्हटलं की तिथे सरळ 'मेनू' असा शब्द लिहू. तो म्हणाला, मॉडर्न दिसत नाही.

---

ऐकून वाचणारा
८ जुलै, दुपारी १२:४०

मी पूर्ण अंध आहे, दोन्ही रोज वापरतो. माझ्यासाठी पडद्याचा आकार शून्य, मग फरक कुठे पडतो ते सांगतो.

संगणकावर मी एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांचं ते काम, २००६ पासूनचं, आणि फुकट. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढचा दुवा, टी दाबलं की तक्ता, एफ दाबलं की फॉर्ममधला पुढचा रकाना. तक्त्यात शिरलो की बाणांनी रकान्या-रकान्यातून चालतो आणि कुठल्या ओळीत आहे ते तो सांगत राहतो. एवढ्या लांब धाग्यात मी एच-एच-एच करत एकेका प्रतिसादावर उड्या मारतो. डोळसांना वाटतं मी फार धीराने सगळं ऐकतो. तसं काही नाही. मीही तुमच्यासारखाच अर्धं सोडून देतो.

फोनवर तेच काम करणारं अँड्रॉइडचं टॉकबॅक आहे. त्यातही शीर्षकांवरून उड्या मारता येतात, पण आधी तीन बोटांनी सरकवून 'शीर्षकं' निवडा, मग एका बोटाने खाली. कीबोर्डच्या एका कळीचं काम तिथे दोन हातवाऱ्यांचं होतं. पण फोनची एक गोष्ट डेस्कटॉपवर नाही: बोट पडद्यावर फिरवलं की बोटाखाली काय आहे ते तो बोलतो. त्यामुळे मला पानाचा नकाशा कळतो, बटण खाली उजवीकडे आहे हे कळतं. कीबोर्डवर वेब म्हणजे नुसती एक लांब दोरी. आणि रस्त्यात उभं राहून रिक्षा बोलावणं, नोट ओळखणं, हे फोननेच दिलं.

त्रास दोन्हीकडे एकच. बटणाला नाव न देणारे. "बटण, बटण, लेबल नसलेलं बटण." कारकूनसाहेब, तुमच्या त्या तीन रेघा मला असंच ऐकू येतात कधीकधी.

---

कंसातला कारकून
८ जुलै, दुपारी १:०५

मान खाली. आज संध्याकाळी आमच्या चालू कामातली सगळी बटणं तपासतो.

तुमच्या प्रतिसादावरून आठवलं, काकांसाठी: काही साइट चिमटीने मोठं करणं बंद करून ठेवतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. तिथे अक्षरांचा आकार वाढवता येतो आणि झूम सक्तीने चालू करता येतं. भिंग ठेवून द्या.

---

दक्ष खातेदार
८ जुलै, सायंकाळी ७:३०

मी बँकेत काउंटरला होतो, नुकताच निवृत्त झालो. माझं मत: पैशाचं पान फोनवर उघडू नये, असं मी म्हणणार नाही, सगळेच उघडतात. पण दुव्यावर माउस टेकवून खालचा पत्ता वाचायची जी सवय आम्ही लोकांना लावली होती, ती फोनवर कामाची नाही. फोनवर पत्त्याची पट्टी चिंचोळी, जरा खाली सरकलं की तीही लपते. दुव्यावर बोट दाबून धरलं तर पूर्ण पत्ता दिसतो, हे शंभरातल्या चारांना माहीत असेल. (ही चारची गणती माझ्या सोसायटीतली, शास्त्रीय समजू नका.)

आणि कुलूपाच्या चित्रावर जाऊ नका. २०२३ मध्ये क्रोमने ते काढूनच टाकलं, कारण लोक कुलूप म्हणजे साइट चांगली असं समजत होते. कुलूपाचा अर्थ इतकाच की मधल्या वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर त्याच्याशी तुमचं बोलणं अगदी खाजगी!

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून जी एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी) येते, ती तर फोनसाठीच बनलेली. विंडोजवर तिच्यावर कितीही टिचक्या मारा, ढिम्म. इथे माझा डेस्कटॉपला एक गुण.

---

खटपट्या
८ जुलै, रात्री ८:१२

जाहिरातींचं कोणी बोलेना. क्रोममध्ये फोनवर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी साधनं) चालतच नाहीत. फायरफॉक्स घ्या, त्याने डिसेंबर २०२३ पासून फोनवरही एक्स्टेन्शनचं दुकान मोकळं केलंय. यूब्लॉक ओरिजिन टाका, ते जाहिराती अडवतं. फोनवर बातमी वाचताना तीन परिच्छेदांमागे एक जाहिरात आणि फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडतं, ते मुद्दामच असतं.

---

चहाबिस्कीट
८ जुलै, रात्री ८:४०

अवांतर: माझ्या क्रोममध्ये टॅबच्या आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो. बिघडलाय का?

---

कंसातला कारकून
८ जुलै, रात्री ८:४४

ताई, तुमचे ९९ च्या वर टॅब उघडे आहेत. तो मोजायचं सोडून हसतो.

---

चहाबिस्कीट
८ जुलै, रात्री ८:५१

बापरे. त्यातले निम्मे उकडीचे मोदक असणार.

---

अंगठेबहाद्दर
१० जुलै, रात्री ९:२०

काका, एक स्वस्तातला जुगाड. साध्या ओटीजीने (फोनला यूएसबी जोडायचं छोटं अडॅप्टर) जुन्या संगणकाचा माउस आणि कीबोर्ड फोनला जोडा. अँड्रॉइडवर खराखुरा बाण येतो पडद्यावर. माझ्या बहिणीने एमएच्या प्रकल्पाची तीस पानं अशी टाइप केली, फोन पाट्यावरच्या वरवंट्याला टेकवून. आता इथल्या लोकांनी म्हणू नये की फोनवर लिहिता येत नाही. पण प्रामाणिकपणे सांगतो, संदर्भांची यादी करताना ती पण रडकुंडीला आली होती. लेख एकीकडे, यादी दुसरीकडे. शेवटी माझाही फोन घेतला तिने, दोन दिवस.

---

कोपऱ्यातलं टेबल
११ जुलै, दुपारी ४:०५

जोडला! बाण आला! नातू येऊन बघून गेला. मग हावरेपणाने विचार केला की मॉनिटरही जोडावा, तो तर धडधाकट आहे. वायर आणली, काही उमटेना.

---

कंसातला कारकून
११ जुलै, दुपारी ४:३०

स्वस्त फोनांच्या सी-पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही, नुसतं चार्जिंग आणि डेटा. महागड्या काही फोनांत येतं, सॅमसंगने २०१७ पासून डेक्स नावाने तेच विकलं. वायर परत करता आली तर करा.

---

कोपऱ्यातलं टेबल
२० जुलै, सकाळी ११:१८

मंडळी, खटपट्यांचं ऐकलं. जुना लॅपटॉप घेतला, तो त्या जुन्या मॉनिटरला जोडला. टेबलाची वाटणी झाली: डावीकडे मी, उजवीकडे शिलाई मशीन. वाचन मात्र गॅलरीतच, फोनवर, ते काही आता सुटत नाही. वॉटरप्रूफिंगच्या तीन दरपत्रकांत एकाने गच्चीचं क्षेत्रफळच कमी धरलं होतं, म्हणून तो स्वस्त दिसत होता. शेजारी-शेजारी लावल्यावर पाच मिनिटांत दिसलं.

पण खरं कारण वेगळंच आहे लिहायचं. आज हा धागा पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर उघडला, आणि माझ्याच मूळ लेखात चौथ्या ओळीत 'मदतबोर्ड' असं छापलेलं दिसलं. मदरबोर्ड हो! फोनने परस्पर सुधारलं असणार. चौदा दिवस ते तसंच आहे. एकानेही सांगू नये?

---

खिळेजुळारी
२० जुलै, सकाळी ११:५२

मी पाहिले होते. नवा मराठी प्रतिशब्द आला असेल समजून वहीत उतरवूनही ठेवला.